मास्कची कड आणि मानेवरचे केस: शेव्हर की रेझर, एका निवडीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण धातू घासण्याच्या विभागात काम करणाऱ्या एका ३२ वर्षांच्या कामगाराचे आहे. घासकामातून उडणारी बारीक धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून त्याला पाळीभर अर्धा चेहरा झाकणारा रबरी मास्क लावावा लागतो. हा मास्क नाकाच्या दांड्यावरून गालांवर उतरतो आणि हनुवटीच्या खाली येऊन बसतो. त्याची कड कातडीला सगळीकडून चिकटली, तरच आत येणारी हवा फिल्टरमधून गाळून येते; कुठे फट राहिली तर हवा त्या सोप्या वाटेने शिरते आणि फिल्टर कितीही उत्तम असला तरी त्याचा उपयोग उरत नाही. म्हणून कड जिथे टेकते तिथे दाढीचे खुंट नसावेत, असा अशा मास्कचा मूलभूत नियम आहे. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेचे मार्गदर्शन तर पाळी सुरू होण्याआधीच्या ८ तासांत दाढी केलेली असावी, इतके स्पष्ट आहे.

या कामगाराने नियम कधी मोडला नाही. तो रोज पहाटे पाच पात्यांच्या रेझरने, घाईघाईत, मानेखालून हनुवटीकडे उलटा हात मारून दाढी करत असे. त्याच्या जबड्याखाली आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना मात्र पुळ्या कायमच्या झाल्या होत्या. काही कडक होत्या, काहींत पू होता आणि बऱ्या झालेल्यांच्या जागी काळे डाग राहिले होते. दुसऱ्या दिवशी त्याच पुळ्यांवरून पुन्हा पाते फिरे आणि रक्त येई. शेवटी त्याने विभागप्रमुखाकडे काही दिवस दाढी न करण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली नाही, कारण दाढी वाढली की मास्क बसणार नव्हता. त्या टप्प्यावर प्रकरण सुरक्षा विभागात आमच्याकडे आले. त्याचा प्रश्न साधा होता: इलेक्ट्रिक शेव्हर घ्यावा का? एका सहकाऱ्याने त्याला शेव्हरने खुंट राहतात असे सांगितले होते, तर दुसऱ्याने सगळा दोष रेझरचाच आहे असे.

माझ्या मते दोघांचेही म्हणणे अपुरे होते. कोणते साधन अधिक गुळगुळीत दाढी करते, यावरच सगळी चर्चा चालली होती. चेहऱ्याच्या कोणत्या भागाला किती गुळगुळीतपणा खरोखर हवा आहे आणि तिथली कातडी तो किती सोसू शकते, हे कोणी विचारले नव्हते. पुढचे सारे काम या दोन गोष्टी शोधण्याचे होते.

पुळ्यांचे मूळ

आधी त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. कामगार या पुळ्यांना केसतोड समजत होता. केसाच्या मुळाशी जंतुसंसर्ग झाला की तशा पुळ्या येतातच. पण इथे बहुतेक पुळ्यांचे मूळ संसर्गात नव्हते, तर आत वळलेल्या केसांत होते. काही ठिकाणी नंतर जंतूंनी शिरकाव केला होता, त्यासाठी डॉक्टरांनी वेगळे औषध दिले. बुरशीचा संसर्ग नसल्याची खात्रीही त्यांनी करून घेतली. हा भेद नीट कळल्याशिवाय साधन बदलण्याला अर्थ नसतो, कारण संसर्ग असेल तर नवा शेव्हरही तेच जंतू पसरवत राहतो.

केस आत वळण्याचे दोन मार्ग आहेत. कुरळा केस कातडीच्या पातळीवर तिरका कापला गेला की त्याचे टोक भाल्यासारखे अणकुचीदार होते. वाढताना तो वळतो आणि बाहेर आल्यावर थोड्याच अंतरावर पुन्हा कातडीत घुसतो. दुसऱ्या प्रकारात केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो आणि बाहेर येण्याआधीच आपल्या नळीची भिंत भेदून बाजूला शिरतो. दोन्हींत शरीर त्या केसाला परकी वस्तू मानते आणि तिथे सूज येते. ज्यांचे केस घट्ट कुरळे असतात त्यांना हा त्रास फार अधिक होतो. केसांच्या आवरणातील एका केराटिनच्या जनुकात होणारा बदलही हा धोका वाढवतो, असे संशोधनात दिसले आहे. म्हणजे यात अस्वच्छतेचा दोष नसतो. हे त्या कामगाराला स्पष्ट सांगणे मला फार गरजेचे वाटले, कारण विभागातल्या काहींनी त्याला 'नीट तोंड धूत जा' असे सुनावले होते आणि तो दिवसातून अनेकदा साबणाने मान घासू लागला होता, ज्याने कातडी आणखी सोलवटली.

आता पाच पात्यांच्या रेझरचा भाग. जिलेटला सुट्या पात्याच्या सेफ्टी रेझरचे पेटंट १९०४ साली मिळाले, आणि त्यानंतर कित्येक दशके रेझरमध्ये एकच पाते असे. जिलेटचा जुळ्या पात्यांचा रेझर १९७१ साली बाजारात आला, १९९८ साली तीन पात्यांचा आणि २००६ साली पाच पात्यांचा. अनेक पात्यांमागची कल्पना अशी आहे की, पहिले पाते केसाला पकडून थोडा वर ओढते आणि तो मागे सरकण्याआधी पुढचे पाते त्याला आणखी खाली कापते. उरलेले टोक मग कातडीच्या आत ओढले जाते. सरळ केसांच्या माणसाला यातून संध्याकाळपर्यंत टिकणारा गुळगुळीतपणा मिळतो. या कामगाराच्या मानेवर मात्र वर सांगितलेला दुसरा मार्ग रोज सकाळी मोकळा होत होता. त्यात तो कातडी ताणून धरत असे आणि उलटा हात मारत असे. या दोन्ही सवयींनी केस आणखी खाली कापला जातो.

पातेही तो फार दिवस वापरत होता. केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ असतो, तरी पाते बोथट कसे होते, याचा उलगडा मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२० साली 'सायन्स' नियतकालिकात मांडला. पात्याचे पोलाद केसाच्या सुमारे ५० पट कठीण असते, पण धारेच्या सूक्ष्म रचनेत जिथे एकसारखेपणा नसतो तिथे केस विशिष्ट कोनात वाकून भिडला की धारेचा कण निसटतो. अशी खडबडीत धार केस कापण्याऐवजी ओढते. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला ५ ते ७ वेळा दाढी झाल्यावर पाते बदलावे असा आहे. आमच्या कामगाराचे पाते त्याच्या कितीतरी पुढे गेलेले असे.

चेहऱ्याचा नकाशा

या प्रकरणातला निर्णायक भाग हाच आहे. कामगाराला मास्क लावायला सांगितला, पट्टे नेहमीइतके आवळले आणि कडेच्या बाहेरून धुतली जाणारी पेन्सिल फिरवून घेतली. मास्क काढल्यावर गालांवर कडेने टेकलेला रुंद पट्टा उमटलेला होताच. पेन्सिलच्या रेषेने त्याची बाहेरची हद्द दिसली. हनुवटीच्या खाली ही हद्द जबड्याच्या हाडाच्या थोडीच मागे संपत होती. पुळ्या पाहिल्या, तर त्यांतील बहुतेक सगळ्या त्या रेषेच्या खाली, गळ्याकडे होत्या. फक्त डाव्या जबड्याखालचा एक लहान तुकडा पट्ट्यात येत होता.

म्हणजे ज्या भागासाठी तो रोज रक्त काढून घेत होता, त्या भागाशी मास्कचा संबंधच नव्हता. 'दाढी गुळगुळीत हवी' हा नियम विभागात तोंडी सांगितला जाताना संपूर्ण चेहरा आणि मान असा पसरला होता. मुळात तो कडेखालच्या कातडीपुरता आहे. सुरक्षेचा नियम सैल करण्याची ही गोष्ट नव्हे, हे मी विभागप्रमुखांना आग्रहाने सांगितले. कडेखाली एक खुंटही चालणार नाही, आणि कडेपासून थोडे अंतर मोकळेच ठेवायचे, कारण बोलताना, मान वळवताना मास्क किंचित सरकतो. पण त्याखालच्या मानेवर एक मिलिमीटर केस राहिल्याने धूळ आत जात नाही.

दुसरा नकाशा केसांच्या दिशेचा. सुट्टीच्या दोन दिवसांत दाढी वाढू दिल्यावर बोट फिरवून दिशा पाहिली. गालांवर केस सरळ खाली वाढत होते. मानेवर मात्र ते काही ठिकाणी आडवे, काही ठिकाणी खालून वर आणि कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना भोवऱ्यासारखे होते. अशा मानेवर एकाच दिशेने हात फिरवला तर तो कुठे सुलटा पडतो, कुठे उलटा. बहुतेक पुरुष आपल्या मानेवरच्या केसांची दिशा आयुष्यभर कधी पाहत नाहीत आणि पुळ्यांसाठी साबण बदलत राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पर्यायांचा विचार

शेव्हर जाळीचा असतो किंवा फिरत्या गोल पात्यांचा. जेकब शिक यांनी कोरडा इलेक्ट्रिक शेव्हर १९३१ साली बाजारात आणला. फिलिप्सचा फिरत्या पात्याचा शेव्हर अलेक्झांडर होरोवित्झ यांनी तयार केला आणि तो १९३९ साली आला. ब्राउनचा जाळीचा शेव्हर १९५० सालचा. जाळीच्या शेव्हरमध्ये अतिशय पातळ, छिद्रे पाडलेला धातूचा पत्रा कातडीवर टेकतो, केस छिद्रांतून आत शिरतात आणि मागे वेगाने डावी-उजवीकडे हलणारी पाती त्यांना कापतात. कातडी आणि पाते यांच्यामध्ये त्या पत्र्याची जाडी नेहमी राहते. त्यामुळे फार जोर लावल्याशिवाय केस कातडीच्या पातळीखाली कापला जात नाही. रेझरशी तुलना करताना ही शेव्हरची उणीव म्हणून सांगितली जाते. आत वळणाऱ्या केसांच्या माणसाला नेमके हेच हवे असते.

फिरत्या पात्यांचा शेव्हर वेगवेगळ्या दिशांनी वाढलेले, थोडे लांब केस चांगले पकडतो, म्हणून आमच्या कामगाराच्या मानेसाठी तो वरवर पाहता योग्य वाटत होता. पण मानेला गुळगुळीतपणाची गरज नाही हे ठरल्यावर त्याचा मुख्य फायदा उरला नाही. राहिला प्रश्न मास्कच्या पट्ट्याचा, आणि गाल व जबडा इथले रोजचे, आखूड, बहुतांशी एका दिशेचे केस जाळीच्या शेव्हरला सोयीचे असतात. जाळीत अनेकदा निकेल असते, त्यामुळे निकेलची ॲलर्जी असणाऱ्याने ते आधी तपासून घ्यावे. याला ती नव्हती.

ओल्या दाढीचा पर्याय आम्ही बाद केला नाही. एकच पाते बसणारा साधा सेफ्टी रेझर केसाला वर ओढून पुन्हा कापत नाही, त्यामुळे अनेक पात्यांच्या रेझरपेक्षा तो या त्रासात बराच सौम्य ठरतो. मात्र त्याला वेळ द्यावा लागतो. कोमट पाण्याने केस दोन-तीन मिनिटे भिजले की ते फुगून मऊ होतात आणि कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. त्यावर दाट फेस, हलका हात आणि केसांच्या दिशेने फिरवलेले पाते. पहाटेच्या पाळीसाठी उठणारा माणूस ही दोन-तीन मिनिटे सर्वांत आधी वगळतो. कोणतेही साधन निवडताना ते किती काळजी मागते आणि वापरणाऱ्याच्या दिवसात तेवढी जागा आहे का, हे पाहायलाच हवे.

अंमलबजावणी

पहिल्या चार आठवड्यांत मानेला पाते लावायचे नाही, असे ठरले. रेषेखालचे केस ट्रिमरने सुमारे एक मिलिमीटर ठेवायचे. जिथे केसाचे वेटोळे कातडीच्या वर दिसत असेल तिथे निर्जंतुक सुईच्या टोकाने ते अलगद सोडवायचे, पण केस उपटायचा नाही. उपटलेला केस पुन्हा खोलातून वाढतो आणि वाटेतच नळीची भिंत भेदण्याची शक्यता वाढते. साबणाने घासणे बंद केले.

मास्कच्या पट्ट्यासाठी तुलना करायची ठरवली: एका बाजूला सेफ्टी रेझर, दुसऱ्या बाजूला जाळीचा शेव्हर, आणि पंधरवड्यानंतर बाजूंची अदलाबदल. अदलाबदल मुद्दाम ठेवली, कारण उजव्या हाताने दाढी करणाऱ्याचा हात दोन्ही गालांवर सारखा पडत नाही आणि हाताचा दोष साधनाच्या माथी बसू शकतो.

पहिल्या आठवड्यात शेव्हरची बाजू वाईट दिसली. गाल लाल झाला, जबड्याच्या कडेला जळजळ होऊ लागली आणि कामगाराने शेव्हर आपल्याला मानवत नाही असे ठरवूनच टाकले. तो कसा वापरतो हे पाहिल्यावर कारण सापडले. तोंड धुऊन, टॉवेलने वरवर टिपून, दमट कातडीवर तो शेव्हर दाबून फिरवत होता. दमट कातडी जाळीला चिकटते, ओढली जाते, आणि दाबाने ती छिद्रांतून आत फुगते. मग पत्र्याच्या जाडीचे संरक्षण राहत नाही. शेव्हर एकतर पूर्ण कोरड्या कातडीवर वापरावा, किंवा तो पाण्यासह वापरण्यासाठीच बनवलेला असेल तर पुरेसा जेल लावून पूर्ण ओल्या कातडीवर. अर्धवट ओलेपणा सर्वांत वाईट. (नुसता नळाखाली धुता येणारा शेव्हर आणि ओल्या दाढीसाठी बनवलेला शेव्हर हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि वायर जोडलेला शेव्हर पाण्याजवळ कधीच नेऊ नये.) त्याने दाढी आधी कोरडी करायची आणि तोंड नंतर धुवायचे, असा क्रम बदलला. दाब कमी केला. शिवाय कातडीला नव्या साधनाची सवय व्हायला दोन ते चार आठवडे लागू शकतात, हेही त्याला सांगितले, म्हणजे पहिल्या लालीने तो पाय मागे घेणार नाही.

त्यानंतर चित्र बदलले. गालांवर दोन्ही साधने जवळपास सारखी ठरली. रेझरची बाजू हाताला अधिक मऊ लागे, एवढाच फरक. जबड्याच्या कडेला, विशेषतः डाव्या बाजूच्या त्या लहान तुकड्यावर, शेव्हरने नव्या पुळ्या येणे थांबले, आणि अदलाबदल झाल्यावर त्याच जागी रेझर आला तेव्हा दोन-चार पुन्हा उठल्या. हनुवटीच्या खाली मात्र शेव्हर कमी पडला. तिथले केस कातडीला चपटे टेकून वाढत होते, छिद्रांत शिरत नव्हते, आणि तो तेवढ्याच जागी पुन्हा पुन्हा शेव्हर फिरवू लागला की कातडी तापे.

शेवटी ठरले ते असे: गाल आणि जबडा रोज जाळीच्या शेव्हरने, कोरडे, हनुवटीखालचा बोटभर रुंद पट्टा सेफ्टी रेझरने, भिजवून, केसांच्या दिशेने, एकाच फेरीत, मान ट्रिमरने. शेव्हरची दाढी मास्कला पुरते का, हे मतावर सोडता येण्यासारखे नव्हते. म्हणून मास्क बसण्याची चाचणी पुन्हा घेतली. तिच्यात डोक्यावर आवरण घालून आत कडू चवीचा फवारा सोडतात आणि माणूस बोलत, मान हलवत राहतो. चव लागली की गळती आहे. चव लागली नाही. विभागप्रमुखांची शंका त्या दिवशी मिटली.

ज्या गोष्टींनी निर्णय बदलला असता

हा निष्कर्ष प्रत्येकाला लागू नाही. केस सरळ आहेत, पुळ्यांचा त्रास नाही आणि सकाळी शांतपणे दहा मिनिटे मिळतात, अशा माणसाला ओली दाढी सोडायला सांगण्याचे काही कारण मला दिसत नाही. जो आठवड्यातून एकदाच दाढी करतो त्याला जाळीचा शेव्हर त्रासदायक वाटेल, कारण लांब केस आधी ट्रिमरने कमी करावे लागतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा हात थरथरत असेल, तर शेव्हरकडे झुकण्याला कातडीच्या प्रकाराहून अधिक वजन द्यावे लागते. आणि याच कामगाराच्या पुळ्या मास्कच्या पट्ट्यातच असत्या, तर दाढीचे कोणतेही साधन पुरले नसते. तेव्हा कातडीला चिकटून न बसणारा, पंख्याने गाळलेली हवा पुरवणारा टोपासारखा मास्क मागणे, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने लेझरने केस कमी करणे, हाच मार्ग राहिला असता. असा टोप देणे खर्चाचे असते म्हणून माणसाने रोज कातडी सोलून घ्यावी, ही अपेक्षा मला मान्य नाही.

पाठपुरावा

दोन महिन्यांनंतर मानेवर नव्या पुळ्या जवळजवळ नव्हत्या. जुने काळे डाग फिकट होत होते, पण ते जायला अनेक महिने लागतात. एक नवी अडचण मात्र पुढे आली. शेव्हर कपडे बदलण्याच्या खोलीत ठेवल्यामुळे सहकारी तो मागू लागले. याला ठाम नकार द्यायला सांगितले. शेव्हरने दिसत नसले तरी सूक्ष्म ओरखडे पडतात, आणि हेपटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर पृष्ठभागावर किमान ७ दिवस संसर्ग करण्याजोगा राहू शकतो. रेझरला लागू असलेला हा नियम शेव्हरलाही तितकाच लागू आहे.

जाळी आणि आतली पाती साधारण दीड ते दोन वर्षांत बदलावी लागतात, आणि झिजलेल्या जाळीने माणूस नकळत दाब वाढवतो. म्हणून मास्क बसण्याच्या वार्षिक चाचणीच्या नोंदपत्रात जाळीची तपासणी आणि मानेची पाहणी अशा दोन ओळी जोडल्या आहेत. कामगाराने मास्कचा आकार किंवा प्रकार बदलला, तर पेन्सिलची रेषा नव्याने काढायची, अशी नोंदही त्यात केली आहे.